जवळचा पर्जन्यमापक, जवळची वेळ: पोस्टजीआयएसमधल्या अंदाजे जुळवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाच्या नोंदी एका टेबलात, गावं आणि शेतं दुसऱ्यात, उपग्रहाचे आकडे तिसऱ्यात. तिन्ही जोडायची वेळ आली की कळतं, की यांतली कुठलीच दोन टेबलं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. पाणलोट, शेती, पीकविमा, हवामान अशा कामांत पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यात नकाशावरच्या जागा हाताळणारं पोस्टजीआयएस वापरणाऱ्यांसाठी हे पान आहे. उदाहरणं पावसाची घेतली आहेत, कारण जागा आणि वेळ या दोन्हींतली चूक पावसात लगेच उघडी पडते.

साधं बरोबरीचं चिन्ह लावून जॉइन केलं तर काय बिघडतं?

उत्तर रिकामं येतं. शेताचे अक्षांश-रेखांश आणि पर्जन्यमापकाचे अक्षांश-रेखांश कधीच एक नसतात. स्वयंचलित केंद्राची नोंद ०८:१५:०७ची आणि उपग्रहाची ०८:००ची असते. त्यामुळे प्रश्न ‘सारखं आहे का’ असा नसून ‘पुरेसं जवळ आहे का’ असा विचारावा लागतो. त्यातल्या ‘पुरेसं’चा आकडा डेटाबेस देत नाही, तो आपणच ठरवायचा असतो. या पानावरची बरीचशी उत्तरं त्या आकड्याभोवतीच फिरतात.

मग ‘जवळ’ म्हणजे किती किलोमीटर धरायचं?

हा आकडा सॉफ्टवेअरच्या उदाहरणातून उचलू नका. ज्या गोष्टीचं मोजमाप आहे तिच्या स्वभावातून तो काढा.

२६ जुलै २००५ची मुंबई आठवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला त्याच २४ तासांत सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही केंद्रं एकाच शहरात, सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आत. कोणी २५ किलोमीटरची मर्यादा लावून दादरच्या एखाद्या ठिकाणाला यांपैकी एक केंद्र जोडलं असतं, तर क्वेरी कुठलीही तक्रार न करता उत्तर देऊन मोकळी झाली असती. ते उत्तर कुठलं केंद्र उचललं यावर अवलंबून बारा-तेरापट बदललं असतं.

तापमानाचं तसं नाही. सपाट मुलखात २५ किलोमीटरवरचं कमाल तापमान बहुतेक दिवस चालून जातं. पावसातही फरक असतो. महिन्याची बेरीज दूरवर सारखी राहते, दिवसाची कमी अंतरापर्यंत, तासाची त्याहून कमी. म्हणून एकच मर्यादा सगळ्या क्वेरींत चिकटवणं मला पटत नाही. मोजायची गोष्ट बदलली किंवा कालावधी बदलला की मर्यादा पुन्हा तपासायला हवी. ती कशी तपासायची ते शेवटच्या प्रश्नात आहे.

एसटी_डीविदिनला ५००० दिलं तर राज्यातली सगळी केंद्रं आली. का?

एसटी_डीविदिन हे दिलेल्या अंतराच्या आतलं शोधणारं फंक्शन. तुमचा कॉलम ‘जॉमेट्री’ (सपाट नकाशावरची आकृती) प्रकारचा आहे आणि एसआरआयडी, म्हणजे निर्देशांक-प्रणालीचा क्रमांक, ४३२६ आहे, म्हणजे एकक अंश आहे. तुम्ही पाच हजार अंशांच्या आतली केंद्रं मागितलीत, पृथ्वीवरचं सगळंच त्यात बसतं.

यावर बरेच जण ०.०५ अंश देऊन वेळ मारून नेतात. तेही बरोबर नाही. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाताना आखडत जातो. १९ अंश अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर आणि श्रीनगरच्या आसपास सुमारे ९२. म्हणजे तुम्हाला वाटतं आपण वर्तुळ मागतोय, पण जमिनीवर मिळतो तो दोन्ही बाजूंनी दबलेला लंबगोल.

वेब मर्केटर, म्हणजे ३८५७, वापरणं हा आणखी फसवा उपाय, कारण त्यात एकक मीटर दिसतं. मुंबईच्या अक्षांशावर तिथले ५००० मीटर म्हणजे जमिनीवरचे साधारण ४,७३०. ती प्रणाली नकाशा पडद्यावर दाखवण्यासाठी आहे, अंतर मोजण्यासाठी नाही.

सरळ मार्ग: कॉलम ‘जिऑग्राफी’ (गोल पृथ्वीवरची जागा) प्रकारचा ठेवा. मग एसटी_डीविदिनला दिलेला आकडा खऱ्या मीटरमध्ये धरला जातो.

महाराष्ट्रासाठी यूटीएम ४३ की ४४?

दोन्ही. यूटीएम ही जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये देणारी प्रणाली. ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३वा पट्टा, ७८ ते ८४ हा ४४वा. मुंबई, पुणे, नाशिक, सोलापूर, सगळा गोवा ४३मध्ये येतात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली ४४मध्ये. यवतमाळ शहर तर अगदी सीमारेषेपाशी आहे.

सगळं राज्य एकाच पट्ट्यात घेतलं तर किती बिघडतं? वाटतं तितकं नाही. गोंदियाचं अंतर ४३व्या पट्ट्यात मोजलं तर चूक साधारण ०.३ टक्के, म्हणजे ५ किलोमीटरला १५-१६ मीटर. पावसाच्या जुळवणीत ती खुशाल सोडून द्या. खरा घोटाळा दोन पट्ट्यांतले आकडे एकाच कॉलममध्ये मिसळल्यावर होतो. तोच पूर्व-पश्चिम आकडा दोन पट्ट्यांत दोन वेगळ्या जागा दाखवतो, आणि त्या जागांमध्ये सहाशेहून जास्त किलोमीटर असतात. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या फाइली एकत्र करताना हे आधी तपासा.

एसटी_डीविदिन वापरू की ‘<->’?

एसटी_डीविदिन ‘या अंतराच्या आत कोण कोण आहे’ याचं उत्तर देतं, ‘<->’ ‘सगळ्यांत जवळचा कोण’ याचं. नुसतं ‘<->’ वापरून ‘ऑर्डर बाय’ आणि ‘लिमिट १’ लावलं तर कोणीतरी मिळतंच, मग ते १८० किलोमीटरवर का असेना. म्हणून दोन्ही एकत्र वापरा: आधी मर्यादा, मग तिच्या आतला सगळ्यांत जवळचा. प्रत्येक गावासाठी हे करायचं तर ‘लेफ्ट जॉइन लॅटरल’ (प्रत्येक ओळीसाठी आतली क्वेरी वेगळी चालवणारा जॉइन) वापरा, म्हणजे मर्यादेत कोणीच नसलेली गावंही यादीत राहतात.

जुन्या सर्व्हरवर काम असेल तर एक लक्षात ठेवा. पोस्टग्रेस ९.५ आणि पोस्टजीआयएस २.२च्या आधी ‘<->’ हे आकृत्यांभोवतीच्या चौकटींच्या केंद्रांमधलं अंतर धरत असे. बिंदूंना फरक पडत नव्हता, पण नदी किंवा तालुक्याच्या सीमेसारख्या आकृतींत क्रम चुकायचा.

क्वेरी अर्धा तास चालते. इंडेक्स तर आहे!

बहुधा इंडेक्स आहे, पण वापरला जात नाही. ‘एक्सप्लेन’ (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहा. नेहमीची कारणं तीन. पहिलं, ‘एसटी_डिस्टन्स ५०००पेक्षा कमी’ अशी अट लिहिली आहे. तिच्यासाठी प्रत्येक जोडीचं अंतर काढावं लागतं. तीच अट एसटी_डीविदिनने लिहिली की आधी चौकटी पाहून बहुतेक नोंदी वगळल्या जातात. १९८४ साली अँटोनिन गटमन यांनी मांडलेल्या आर-ट्री या चौकटींवर आधारलेल्या इंडेक्स-रचनेचं तत्त्व तेच, आणि पोस्टजीआयएसचा जिस्ट इंडेक्स त्याच वळणाचा आहे. दुसरं, कॉलम जॉमेट्री आहे आणि क्वेरीत त्याचं जिऑग्राफीत रूपांतर केलं आहे. मग जॉमेट्रीवरचा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. रूपांतरित स्वरूपावर वेगळा इंडेक्स करावा लागतो. तिसरं, आधी बफर काढून मग त्यात बिंदू शोधले आहेत. बफर म्हणजे वर्तुळाऐवजी बहुभुज, हळूही आणि किंचित चुकीचाही.

केंद्र नकाशावर शेजारच्या गावात दिसतं. गावाची सीमा चुकीची आहे का?

आधी केंद्राचे अक्षांश-रेखांश किती दशांशांपर्यंत आहेत ते पाहा. दोनच दशांश असतील तर प्रत्येक दिशेला अर्ध्या किलोमीटरहून जास्त इकडेतिकडे होऊ शकतं, कर्णावर पाऊण किलोमीटर. जुन्या याद्यांत जागा अंश आणि कलांमध्ये असते आणि एक कला म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर. अशा बिंदूला ‘कुठल्या गावाच्या आत’ असं विचारणंच अवाजवी आहे. ‘कुठल्या गावांच्या एवढ्या जवळ’ असं विचारा आणि नावाने खात्री करा.

आणखी एक चूक फार वेळा दिसते: १९ अंश ०६ कला हे १९.०६ असं टाइप केलेलं असतं. खरा आकडा १९.१० आहे. केंद्र चार-साडेचार किलोमीटर दक्षिणेला सरकतं. ओळखायची खूण अशी, की यादीतल्या एकाही केंद्राचा दशांश भाग .६०च्या वर जात नाही.

अंतर कमी असूनही घाटात जुळवणी का फसते?

कारण पाऊस सरळ रेषेतलं अंतर मानत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. सह्याद्रीच्या माथ्यावर, कोकणउतारावर आणि पर्जन्यछायेत ‘जवळचा’ हा शब्द निव्वळ किलोमीटरवर सोडता येत नाही.

अशा ठिकाणी अंतराच्या अटीला दुसरी अट जोडा. दोन्ही ठिकाणं घाटमाथ्याच्या एकाच बाजूला हवीत किंवा एकाच पाणलोटात हवीत. त्यासाठी पाणलोटाच्या सीमांचा थर घेऊन प्रत्येक केंद्राला आणि गावाला त्याचा क्रमांक आधीच देऊन ठेवा. उंचीतल्या फरकाची मर्यादाही लावता येते, पण माझा कल बाजू बघण्याकडे आहे. समान उंचीची दोन गावं माथ्याच्या दोन बाजूंना असू शकतात. १२ किलोमीटरवरचं पलीकडचं केंद्र सोडून २० किलोमीटरवरचं अलीकडचं घेणं इथे जास्त बरोबर ठरतं.

एकाच ठिकाणचा, एकाच तारखेचा पाऊस दोन स्रोतांत वेगळा का?

बहुतेक वेळा दिवस वेगळा असतो म्हणून. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३०ला संपतो. ज्या तारखेला सकाळी मोजलं ती तारीख त्या पावसाला मिळते. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर २७ जुलै २००५च्या सकाळी ८:३०ला संपलेल्या २४ तासांचे आहेत. म्हणजे लोकांच्या आठवणीतला २६ जुलै टेबलात २७ तारखेला सापडतो. तारीख २६ टाकून शोधणाऱ्याला प्रलयाच्या आदल्या दिवसाचा पाऊस मिळतो.

आता समजा, सोमवारी रात्री १० ते १२ या वेळात ४० मिलिमीटर पडला आणि मंगळवारी पहाटे सहापर्यंत आणखी ३०. मध्यरात्रीला दिवस बदलला तर ४० आणि ३० असे दोन दिवस होतात. ८:३०ला बदलला तर मंगळवारच्या नावावर ७० मिलिमीटर येतात. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्या मंडळातल्या शेतकऱ्याचं नुकसान पंचनाम्याच्या यादीत येणार की नाही, हे दिवसाची सीमा कुठे आखली यावर ठरू शकतं. म्हणून या एका ओळीबद्दल मी हट्टी आहे. तुमच्या क्वेरीत दिवस कुठे सुरू होतो हे टेबलाच्या वर्णनात लिहिलेलं असलंच पाहिजे.

पोस्टग्रेस १४पासून ‘डेट_बिन’ हे फंक्शन आहे. त्याला एक दिवसाचं अंतर आणि सकाळी ८:३०चा, म्हणजे जागतिक वेळेनुसार ०३:००चा आरंभबिंदू दिला की बरोबर गट पडतात. गटाला मात्र संपण्याच्या दिवसाची तारीख द्या, सुरू होण्याच्या नाही.

बरोबर ८:३०ची नोंद कुठल्या दिवसात टाकायची?

नोंदीवरची वेळ कशाची आहे यावर ते ठरतं. दर १५ मिनिटांनी पाऊस पाठवणाऱ्या केंद्राची ०८:३०ची नोंद बहुधा ०८:१५ ते ०८:३० या वेळातल्या पावसाची असते, म्हणजे ती संपलेल्या दिवसाची. पोस्टग्रेसमधल्या कालखंडांची रूढ पद्धत मात्र सुरुवात धरायची आणि शेवट सोडायची आहे. तसं केलं की ०८:३०ची नोंद पुढच्या दिवसात जाते. रोज एक नोंद सरकते, महिन्याची बेरीज मात्र जवळपास तीच राहते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. सोपा उपाय असा, की टेबलात नोंद घेतानाच वेळेऐवजी पूर्ण कालखंड साठवा, ०८:१५पासून ०८:३०च्या आधीपर्यंत. त्यासाठी ‘टीएसटीझेडरेंज’ हा प्रकार आहे.

उपग्रहाचे आकडे केंद्राच्या आकड्यांशी कसे जोडायचे?

आयमर्ग हे नासाचं उपग्रहांवरून काढलेल्या पावसाचं उत्पादन उदाहरण म्हणून घेऊ. त्याची जाळी ०.१ अंशाची आणि नोंद दर अर्ध्या तासाची, जागतिक वेळेत. त्याचं दैनिक उत्पादन जागतिक वेळेच्या मध्यरात्री सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३०ला. ते ८:३०च्या दिवसाशी थेट जोडू नका. अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी घेऊन बेरीज करा. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे ८:३० म्हणजे बरोबर ०३:००, आणि अर्ध्या तासाचे तुकडे नेमके बसतात. आकडे मिलिमीटर प्रतितास असे असतात, म्हणून बेरजेआधी प्रत्येकाला दोनने भागायला विसरू नका. दुप्पट पाऊस दिसला तर आधी हेच तपासा.

जागेच्या बाजूने जाळीतला एक चौकोन शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचा आणि पर्जन्यमापकाचं तोंड वीतभरही नाही. दोघांचे आकडे एका सरीत सारखे येणार नाहीत, ते जुळवणीतल्या चुकीचं लक्षण नव्हे.

सगळ्यांत जवळच्या वेळेची नोंद कशी शोधायची?

याला ‘अ‍ॅज-ऑफ’ जॉइन म्हणतात. डकडीबी, क्लिकहाउस या डेटाबेसांत तो तयार मिळतो, पायथनच्या पांडाज लायब्ररीमध्ये ‘मर्ज_अ‍ॅजऑफ’ आहे. पोस्टग्रेसमध्ये लॅटरल जॉइन, वेळेनुसार उतरता क्रम आणि ‘लिमिट १’ एवढ्यावर काम होतं.

दिशा नीट ठरवा. पुराचा इशारा देणारी क्वेरी असेल तर फक्त मागच्या नोंदी घ्या. पुढच्या घेतल्या तर चाचणीत इशारा उत्तम दिसेल आणि प्रत्यक्षात निकामी ठरेल, कारण त्या क्षणी ती नोंद हातात नसणार. झालेल्या घटनेचा अभ्यास असेल तर दोन्हींकडची जवळची चालते. आणि पांडाजमध्ये ‘टॉलरन्स’ (वेळेतल्या फरकाची मर्यादा) दिला नाही तर बंद पडलेल्या केंद्राची तीन महिन्यांपूर्वीची नोंदसुद्धा ‘जवळची’ म्हणून येते.

अंतर आणि वेळ मिळून एकच ‘जवळीक’ काढता येईल का?

काढता येते, पण त्यासाठी एक तास म्हणजे किती किलोमीटर हे सांगावं लागतं, आणि त्याला सहसा कोणाकडे आधार नसतो. माझा सल्ला: वेळेची मर्यादा कडक ठेवा आणि तिच्या आत अंतराने क्रम लावा. इंडेक्स दोन्हींचा एकत्र हवा असेल तर जिस्टमध्ये जिऑग्राफी आणि टीएसटीझेडरेंज शेजारी बसतात. साधी वेळ बसवायची असेल तर ‘बीट्री_जिस्ट’ हे एक्स्टेंशन लागतं.

डहाणूच्या जुन्या नोंदी ठाण्यात टाकायच्या की पालघरमध्ये?

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. नंदुरबार आणि वाशिम १ जुलै १९९८ला, हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९ला. सीमांच्या टेबलात प्रत्येक आकृतीबरोबर ती कधीपासून कधीपर्यंत लागू होती याचा ‘डेटरेंज’ ठेवा आणि जॉइनमध्ये बिंदू आतमध्ये असण्याबरोबर तारीखही आतमध्ये असण्याची अट लावा. वीस वर्षांची तुलना करायची असेल तर उलट एकच सीमा सगळ्या वर्षांना लावा. कुठलं केलं ते मात्र लिहा.

केंद्रंही जागा बदलतात. शाळेच्या आवारातलं केंद्र तहसील कार्यालयात हलवलं तर जुन्या नोंदी जुन्याच जागी राहायला हव्यात. एका केंद्राला एकाच वेळी दोन जागा नोंदता येऊ नयेत म्हणून ‘एक्सक्लूजन’ची अट घाला.

स्वातंत्र्यापूर्वीच्या मुंबईच्या नोंदींत वेळेचं काही वेगळं आहे का?

आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ला आली, पण मुंबईत १९५५पर्यंत मुंबई टाइम चालू होता, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. ‘एशिया/कोलकाता’ हा वेळपट्टा लावून हे दुरुस्त होत नाही, तो कोलकात्याचा इतिहास सांगतो. मूळ वहीत कुठली वेळ आहे ते पाहून स्वतः दुरुस्ती करा.

जुळणारी नोंद मिळाली नाही तर शून्य भरू का?

नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. नोंद नसणं म्हणजे माहीत नाही. मुसळधार पावसातच केंद्रं बंद पडतात, त्यामुळे रिकाम्या जागी शून्य भरल्याने नेमका अतिवृष्टीचा दिवस कोरडा होतो.

तीच क्वेरी दोनदा चालवली, उत्तर वेगळं आलं. हे कसं?

दोन केंद्रं अगदी समान अंतरावर आहेत, बहुतेक गोलाकार केलेल्या अक्षांश-रेखांशांमुळे. ‘ऑर्डर बाय’मध्ये अंतरानंतर केंद्राचा क्रमांकही टाका.

ठरवलेली मर्यादा बरोबर आहे हे कसं कळणार?

केंद्रांवरच तपासा. एकेक केंद्र बाजूला काढा, त्याच्या जागी उरलेल्यांतलं जवळचं जोडा आणि दोन्हींच्या नोंदींतला फरक पाहा. हे ५, १०, २०, ४० किलोमीटरच्या टप्प्यांत करा, कोकण, घाट, पठार आणि विदर्भ वेगवेगळे ठेवून, जून-सप्टेंबरमधल्या पावसाच्या दिवसांवर. कोरडे दिवस मिसळले तर सगळ्याच मर्यादा सुंदर दिसतात, शून्याला शून्य जुळतंच. ज्या अंतरापलीकडे फरक तुमच्या कामाला परवडत नाही तिथे थांबा. एखाद्या भागात ते अंतर केंद्रांमधल्या सरासरी अंतरापेक्षाही कमी निघालं, तर तिथे जुळवणी न करता ‘माहिती नाही’ असंच दाखवा.

आणि निकालाच्या टेबलात पावसाच्या आकड्याशेजारी चार कॉलम ठेवा: कुठलं केंद्र जोडलं, ते किती मीटरवर होतं, वेळेत किती मिनिटांचा फरक होता आणि मर्यादा किती होती. उद्या कोणी एका गावाच्या आकड्यावर हरकत घेतली, तर सगळी क्वेरी पुन्हा न चालवता त्या ओळीकडे बोट दाखवून उत्तर देता येतं.